मोटारीच्या डोक्यावरची चुंबळ

(द्वितीय वर्ष, कला)

पाण्याची घागर डोक्यावर घेण्याआधी आपल्याकडच्या बायका जुनेराला पीळ देऊन त्याचे गोल वेटोळे करतात आणि ते डोक्यावर ठेवतात. त्याला चुंबळ म्हणतात. चुंबळीने घागरीचे वजन गुंजभरही कमी होत नाही. मग ती कशासाठी? घागरीचे बूड गोल आणि डोकेही गोल. गोलावर गोल ठरत नाही. मधे चुंबळ आली की घागर ठरते आणि बाई दोन्ही हात मोकळे सोडून टेकाड चढून जाते. ओझे पेलणे ही एक गोष्ट आणि ओझे हलू न देणे ही दुसरी, हा भेद आपल्या आयाबायांना फार पूर्वीच कळला होता. पहिल्या गोष्टीला बळ लागते, दुसरीला युक्ती लागते.

मोटारीवर सायकली, तसेच बर्फावरच्या खेळाच्या स्की आणि स्नोबोर्ड नेण्यासाठी जो रॅक किंवा कॅरियर बसवितात, तो म्हणजे मोटारीची चुंबळच होय. या साध्या दिसणाऱ्या वस्तूमागे विचार कोणता असतो आणि तो न केल्यास काय होते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लोखंडी पट्ट्यांविषयी का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की आमचे घर लोखंडावर चालते. वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचे वेल्डिंगचे लहानसे दुकान आहे. जीप, टेम्पो आणि प्रवासी गाड्यांचे कॅरियर करणे हा त्यांचा मुख्य धंदा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. लहानपणी घरात पुस्तके नव्हती. अँगल, चॅनल आणि चौकोनी पाइप होते. सुटीच्या दिवशी पुण्याकडच्या मोटारी मागे सायकली लावून पसरणी घाट चढताना दिसतात. त्यांतली एखादी, पट्टा तुटला म्हणून आमच्या दुकानाशी थांबते. असे परदेशी बनावटीचे रॅक हाताळता हाताळता मला या विषयाची गोडी लागली.

पाच बाजूंची ओढ

रॅकने वजन पेलले म्हणजे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. उभ्या गाडीपुरता तो खराही आहे. गाडी चालू लागली की मात्र त्याच ओझ्याला पाच बाजूंनी ओढ लागते: खाली, वर, पुढे, मागे आणि आडवी.

खालची ओढ वजनाची. पण खड्ड्यात चाक आदळले की चौदा किलोची सायकल क्षणभर दुप्पट किंवा त्याहूनही जड होते. वरची आणि मागची ओढ वाऱ्याची. मोटारसायकलवर मागे बसून ज्याने कधी छत्री उघडण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला ती वेगळी सांगायला नको. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला वारा ज्या जोराने ढकलतो, त्याच्या चौपट जोराने ८० ला आणि नऊपट जोराने १२० ला ढकलतो. गावातल्या रस्त्यावर जे ओझे निमूट बसून राहिले, ते महामार्गावर का उडाले, याचे उत्तर या एका नियमात आहे.

पुढची ओढ ब्रेकची. जोराचा ब्रेक दाबला की चौदा किलोची सायकल सुमारे अकरा किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते. हे फार नव्हे. पण टक्कर झाली तर? ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी समजा ७० सेंटिमीटरच्या आत थांबली. हिशेब केला तर त्या क्षणी सायकलवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो. चौदा चोक छप्पन्न नव्हे, चौदा चौदे एकशे शहाण्णव, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल! ज्वारीची दोन पोती टपावरून पुढे फेकली जात आहेत, असे डोळ्यांसमोर आणावे.

राहिली आडवी ओढ. ती वळणावर लागते आणि घाटात तर पावलोपावली लागते. टपावरच्या ओझ्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती अधिक कलते. म्हणूनच गाडीचा कारखाना टपावर किती वजन चालेल याचा आकडा ठरवून देतो. लहान मोटारींसाठी तो बहुधा ५० ते ७५ किलोंच्या घरात असतो आणि त्यात रॅकचे स्वतःचे वजनही धरायचे असते. आत पाच माणसे बसणारी गाडी टपावर एका माणसाएवढेच ओझे घेते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

स्की आणि स्नोबोर्ड

आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेव्हा स्की म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दोन्ही पायांना एकेक लांब, अरुंद आणि टोकाशी वर वळलेली पट्टी बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. त्यांची लांबी साधारण दीड ते पावणेदोन मीटर असते. स्नोबोर्ड ही दोन्ही पायांना मिळून एकच रुंद फळी. ती तुलनेने अलीकडची आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी १९६५ च्या नाताळात आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यातून या खेळाला दिशा मिळाली.

हा खेळ डोंगराच्या माथ्यावरचा आणि खेळणारा बहुधा खालच्या शहरातला. मोटारीच्या आत पावणेदोन मीटर लांबीची वस्तू मावायची म्हणजे ती दोन आसनांच्या मधून पुढच्या काचेपर्यंत येणार. स्कीच्या कडा पोलादी आणि धारदार असतात. गाडीला धक्का बसला तर त्या भाल्यासारख्या पुढे येतील. म्हणून त्या बाहेर, टपावर न्यायच्या.

स्कीचा रॅक पाहिला तर भाकरी उलटण्याच्या चिमट्याची आठवण होते. टपावर दोन आडव्या दांड्या असतात आणि प्रत्येक दांडीवर एकेक लांब जबडा. जबड्याला एका बाजूस बिजागरी, दुसऱ्या बाजूस कुलूप आणि आतून मऊ रबर. स्कीची जोडी तळाला तळ लावून आत ठेवायची आणि जबडा मिटायचा. रबर दबते आणि स्कीच्या आकाराप्रमाणे बसते. दोरी नाही, गाठ नाही. कुलपाची कळ मुद्दाम मोठी ठेवलेली असते, कारण ती दाबणाऱ्याच्या हातात थंडीचे जाड मोजे असतात. वस्तू करणाऱ्याने वापरणाऱ्याच्या गारठलेल्या बोटांचा विचार केला, ही गोष्ट मला फार आवडली.

स्की ठेवताना त्यांची वळलेली टोके मागे ठेवावी लागतात. ती पुढे ठेवली तर समोरून येणारा वारा टोकाखाली शिरतो आणि स्की वर उचलू पाहतो. स्नोबोर्ड कमरेशी सुमारे पाव मीटर रुंद असल्याने तो जागा अधिक खातो. ज्या रॅकमध्ये स्कीच्या सहा जोड्या मावतात, त्यात स्नोबोर्ड चारच मावतात. शिवाय त्यावर बूट अडकविण्याचे उंच खोबण असते. ते टपाला घासू नये म्हणून रॅक थोडा उंच उचलावा लागतो.

थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. ते मीठमिश्रित पाणी उडून स्कीच्या पोलादी कडांना गंज चढवते. त्यावर उपाय म्हणून टपावर बंद पेटी बसविण्याची पद्धत निघाली. ती पुढून निमुळती असल्याने वाराही कमी अडवते.

आपल्या देशात हे दृश्य काश्मिरात गुलमर्गला दिसते. तिथे सैन्याची स्कीची शाळा १९४८ साली निघाली. पुढे तिचेच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाले. आमच्या जिल्ह्यात घरटी नाही, तरी गल्लीमागे एक फौजी असतोच. माझे मामा एक हिवाळा त्या बाजूस होते. टंगमर्गहून गुलमर्गपर्यंतच्या तेरा किलोमीटरच्या चढणीवर चाकांना साखळ्या बांधलेल्या जीपगाड्या चढतात आणि त्यांच्या टपावर स्कीचे भारे असतात, असे ते सांगतात. "कॅरियर आपल्यासारखाच, लोखंडी जाळीचा. वर लाकडाची मोळी बांधावी तशा स्की बांधलेल्या," हे त्यांचे शब्द. म्हणजे तिथेही चिमटा नव्हे, दोरीच. या दोरीविषयी पुढे बोलायचे आहे.

सायकलची अडचण

स्की सरळ तरी असते. सायकल ही वाहून नेण्यास अत्यंत अवघड वस्तू आहे. तिला सपाट बाजू नाही. चाके फिरतात, हँडल वळते, पायडल कुठेतरी रुततेच. तिला धरायचे कुठे, या प्रश्नाची तीन उत्तरे निघाली आहेत.

पहिले उत्तर टपावर उभी करण्याचे. यातही दोन तऱ्हा. एकीत पुढचे चाक काढून सायकलचा चिमटा रॅकच्या पकडीत अडकवितात आणि मागचे चाक पन्हळीत पट्ट्याने बांधतात. झटक्यात चाक काढता येते ते इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलो यांच्यामुळे. एक खटका फिरवून चाक सुटेल अशी कळ त्यांनी १९३० च्या सुमारास प्रचारात आणली. दुसऱ्या तऱ्हेत दोन्ही चाके जागेवरच राहतात आणि एक दांडा सायकलची नळी किंवा चाक पकडतो. कार्बनच्या महागड्या सायकलींची नळी जोराने आवळली तर तडकते, म्हणून तिथे चाकच पकडावे लागते.

फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत संघांच्या मोटारी स्वारांच्या मागोमाग जातात. त्यांच्या टपावर सायकलींची रांग उभी असते. त्यांतली मुख्य स्वाराची सायकल सर्वांत बाहेरच्या कडेला ठेवण्याचा रिवाज आहे. ती बिघडली तर मेकॅनिकने गाडीतून उतरून हात वर करताच नवी हाती आली पाहिजे. शर्यत सेकंदांवर ठरते, त्यामुळे टपावरचा हा क्रमही डावपेचाचाच भाग ठरतो.

टपावरचा दोष असा की चढविताना सायकल डोक्यावर उचलावी लागते, वारा फार अडतो आणि उंची वाढते. दीड मीटरच्या मोटारीवर मीटरभराहून उंच सायकल उभी राहिली की एकूण उंची साडेआठ फुटांच्या आसपास जाते. चालक ही गोष्ट विसरतो आणि हॉटेलच्या पोर्चखाली गाडी घालतो. मग सायकल, रॅक आणि टप यांचा एकदमच निकाल लागतो.

दुसरे उत्तर मागच्या दारावर पट्ट्यांनी अडकविण्याचे. हा रॅक स्वस्त आणि हलका असतो, पण सगळा भार दाराच्या पत्र्यावर आणि बिजागऱ्यांवर येतो. पट्टे दर थांब्याला तपासावे लागतात.

तिसरे उत्तर गाडीच्या मागे, चासीला जोडलेल्या दांड्यावर रॅक बसविण्याचे. युरोपात मागे गाडी ओढण्यासाठी ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो, अमेरिकेत चौकोनी नळी असते. त्यांवर हा रॅक बसतो. सायकल कमरेएवढ्याच उंचीवर उचलावी लागते आणि गाडीच्या आडोशाला असल्यामुळे वाराही कमी लागतो. मात्र इथे तरफेचा नियम आडवा येतो. भरलेली कळशी छातीशी धरली तर बराच वेळ धरता येते. तीच हात लांब करून धरा, मिनिटात हात भरून येईल. रॅक गाडीपासून जितका मागे, तितका सांध्यावर ताण अधिक. शिवाय नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. युरोपात म्हणून अशा रॅकवर वेगळी नंबरप्लेट आणि दिव्यांची पट्टी लावतात.

या रॅकशी महाराष्ट्राच्या अभिमानाची एक गोष्ट जोडलेली आहे. 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ती दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशा शर्यतीत एक स्वार रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा आणि त्याची सायकल मोटारीबरोबर जात असतात. टाळ्या स्वारांना मिळतात आणि त्या मिळाव्यातच. पण हजारो किलोमीटर सायकल न हलू देणारा रॅकही त्या यशाचा मूक वाटेकरी आहे.

मोटारीला पकडायचे कुठे?

रॅकने वस्तू धरायची, पण रॅकला कोणी धरायचे? पूर्वी हा प्रश्न सोपा होता. अॅम्बॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांच्या टपाच्या कडेने पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे. कॅरियरचे पाय त्या पन्हळीत अडकवून नट आवळले की काम झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीवरचा कॅरियर सर्वांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या आणि तो कॅरियरही गेला.

नव्या मोटारींना पन्हळ नाही. काहींच्या टपावर लांब दांड्या असतात, काहींच्या टपात बोल्टसाठी झाकलेली छिद्रे असतात आणि काहींना यातले काहीच नसते. मग दाराच्या चौकटीच्या कडेला पकडावे लागते. प्रत्येक गाडीच्या टपाची गोलाई वेगळी. त्यामुळे रॅकच्या दांड्या सर्वांना सारख्या आणि पाय मात्र गाडीगणिक वेगळे, अशी व्यवस्था करावी लागली. या धंद्यात जगप्रसिद्ध झालेली स्वीडनमधील थुले ही कंपनी १९४२ साली हिलेरस्टॉर्प या लहानशा गावी एरिक थुलीन यांनी काढली. तिची पहिली वस्तू रॅक नव्हती, तर पाईक नावाचा मासा पकडण्याचा सापळा होता! मोटारीचे कॅरियर १९६० नंतरच्या दशकात आले. विचार केला तर दोन्ही वस्तूंचे काम एकच, आत आलेली वस्तू सुटू न देणे.

दोरीची गोष्ट

आता आपल्याकडच्या दोरीकडे येऊ. दोरीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आमच्या आजोबांनी कडब्याची गाडी दोरीनेच बांधली आणि ती कधी सांडली नाही. पण कडबा दबतो. दोरी आवळली की तो आत जातो आणि मग बाहेर येण्यासाठी दोरीला सतत ताणून धरतो. सायकल किंवा शिडी दबत नाही. तिथे दोरी आज घट्ट दिसते. दहा किलोमीटर हादरे बसले की गाठ बसते आणि बोटभर ढील पडते. नायलॉनची दोरी ताणाने लांबते, सायकलची फाटकी ट्यूब तर त्याहून लांबते. आणि मुख्य गोष्ट अशी की दोरी नुसती ओढते, ढकलत नाही. पुढे बांधलेली दोरी ओझे मागे जाऊ देणार नाही, पण पुढे येण्यास तिची आडकाठी नाही. म्हणून दोरीच वापरायची तर ती पाचही बाजूंचा विचार करून, समोरासमोरच्या जोड्यांनी बांधली पाहिजे. चार वेढे एकाच दिशेने मारले म्हणजे चौपट घट्ट झाले, हा भ्रम आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतले एक काका दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकलने घाट उतरत होते. पुढे जाणाऱ्या एका गाडीच्या टपावर ॲल्युमिनियमची शिडी होती. वळणावर ती सुटली आणि रस्त्यावर आडवी आली. काकांचा खांदा मोडला, दूध वाहून गेले, तीन महिने धंदा बंद राहिला. गाडीवाल्याला तर शिडी पडल्याचे बहुधा पुढच्या गावात कळले असेल. टपावरच्या ओझ्याचा हाच विशेष आहे. बांधतो एक आणि सोसतो दुसरा. बांधणारा चार चाकांवर पत्र्याच्या आत असतो. मागून येणारा पुष्कळदा दोन चाकांवर उघडा असतो.

त्यानंतर काही महिन्यांनी पाचगणीकडच्या एका हॉटेलवाल्याने, पाहुण्यांच्या तीन सायकली नेता याव्यात म्हणून जीपच्या मागे रॅक करण्याचे काम आमच्याकडे आणले. वडिलांनी सांगितलेली किंमत त्याला जास्त वाटली. तो म्हणाला, "मिस्त्री, दोन हूक मारा, बाकी आम्ही दोरीनं बांधू." वडील म्हणाले, "दोरी तुमची हाय, पर मागनं येणारा मानूस तुमचा न्हाई." मग त्यांनी आपल्या मनाप्रमाणे काम केले. जीपच्या मागच्या दारावर जादा चाक असते. रॅक त्या दारावर न टांगता खाली चासीच्या बाजूने बोल्टने पक्का केला, म्हणजे हवा तेव्हा काढताही येतो. चाकांसाठी चॅनलच्या पन्हळी केल्या, नळी धरणाऱ्या जबड्यांना आतून जुन्या ट्यूबचे रबर चिकटविले. नंबरप्लेट आणि दिवे दिसतील एवढी उंची ठेवली. तीन सायकलींचे वजन पंचेचाळीस किलो. म्हणून रॅकवर मी आणि माझा चुलतभाऊ असे दोघे, मिळून शंभरच्या वर किलो, उभे राहून उड्या मारल्या. मग सायकली लावून गतिरोधकांच्या रस्त्याने गाडी फिरविली आणि प्रत्येक नट पुन्हा आवळला.

वडिलांचे शिक्षण सातवीपर्यंत. 'तरफ' आणि 'गुरुत्वमध्य' हे शब्द त्यांनी ऐकलेले नाहीत. पण रॅक गाडीला शक्य तितका चिकटून ठेवायचा आणि खड्ड्यासाठी दुप्पट वजन धरायचे, हे त्यांना ठाऊक होते. वर मी मांडलेले हिशेब त्यांना वाचून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "हे लिहून ठेव. दुकानात लावू." तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर वजन, वेग आणि जोर यांचा एक तक्ता आहे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की वडील त्याच्याकडे बोट दाखवितात.

कायद्याचेही या बाबतीत म्हणणे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ओझे गाडीच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेले तर वीस हजार रुपये दंड आहे. परंतु दंडाच्या भीतीने बांधलेले ओझे चौकी ओलांडताच ढिले पडते. बांधणाऱ्यालाच त्यामागचे कारण कळले पाहिजे.

ज्यांच्याकडे मोटार नाही

इथवर वाचून कोणी म्हणेल की स्की काय, कार्बनची सायकल काय, ही सारी श्रीमंतांच्या हौसेची ओझी. त्यात तथ्य आहे. ज्याच्याकडे मोटार आणि सायकल दोन्ही आहेत, त्यालाच मोटारीवर सायकल न्यायची गरज पडते. पण रॅकचा एक प्रकार असा आहे की जो मोटार नसलेल्यांसाठी निघाला.

वडील तरुणपणी कामाला जाताना एस.टी.च्या टपावर सायकल टाकून जात. गाडीच्या मागे लोखंडी शिडी असे. सायकल खांद्यावर घेऊन वर चढायचे, टपावरच्या कठड्याला ती बांधायची आणि कंडक्टरकडून सामानाचे तिकीट घ्यायचे. उतरल्यावर पुढची चार मैल रपेट. आता नव्या गाड्यांवर ती शिडीही नाही आणि कठडाही नाही. सामान खालच्या डिकीत जाते आणि तिथे सायकल सहसा मावत नाही.

अमेरिकेतल्या सिअॅटल शहराने १९९० नंतरच्या दशकात यावर निराळा मार्ग काढला. तिथे बसच्या मागे किंवा टपावर नव्हे, तर पुढच्या बाजूस दोन सायकलींचा रॅक बसविला. पुढे का? सायकल चढविणारा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असतो, त्यामुळे तो चढवीत असताना बस सुटण्याची भीती नाही, आणि सायकल चोरीस जाण्याचीही नाही. रॅक रिकामा असेल तेव्हा घडी होऊन बसच्या तोंडाला चिकटून राहतो. प्रवासी स्वतःच तो खाली ओढतो, सायकल पन्हळीत ठेवतो आणि स्प्रिंगचा आकडा पुढच्या चाकावर चढवितो. सारे काम मिनिटाच्या आत होते. इथेही दोरी नाही, गाठ नाही. चाक दोन जागी धरले की सायकल ठरते. हा प्रकार पुढे अमेरिकेतल्या अनेक शहरांत पसरला. आपल्या देशात बंगळूरच्या बी.एम.टी.सी.ने २०२० साली आपल्या काही बसगाड्यांना असे रॅक बसविले.

आमच्या कॉलेजात आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. कित्येकजण घरापासून फाट्यापर्यंत तीन-चार किलोमीटर सायकलने येतात, ती फाट्यावरच्या टपरीशी कुलूप लावून ठेवतात, एस.टी.ने शहरात येतात आणि स्टँडपासून कॉलेजपर्यंत पुन्हा पायपीट करतात. पावसाळ्यात ती सायकल दिवसभर भिजते आणि कधी संध्याकाळी जागेवर नसते. एस.टी.च्या तोंडाशी दोन सायकलींपुरता रॅक असावा, ही मागणी फार मोठी नाही. घाटात गाडीची लांबी वाढते, अरुंद वळणावर चालकाला अडचण होईल, दिवे झाकले जाता कामा नयेत, या रास्त शंका आहेत आणि त्यांचा विचार झालाच पाहिजे. पण सपाटीच्या, शाळा-कॉलेजच्या वेळेच्या एकदोन गाड्यांवर हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. त्यासाठी लागणारे लोखंड, वेल्डिंग आणि अक्कल आपल्या तालुक्यात आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक विनंती. सहलीला निघताना किंवा गावाकडे सामान नेताना टपावर ओझे चढविण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर येते. त्या वेळी ओझे दोन्ही हातांनी धरून पुढे, मागे, आडवे आणि वर असे हलवून पाहावे. ज्या बाजूला ते हलेल त्या बाजूला आपली बांधणी अपुरी आहे असे समजावे. पहिल्या पाच किलोमीटरनंतर गाडी थांबवून पुन्हा एकदा हात लावून पाहावा. याला काही खर्च येत नाही, आणि आपल्यामागून एखादा दूधवाला येत असेल तर तो सुखरूप घरी पोहोचतो.